नॉर्विचच्या ज्युलियनचं पुस्तक घेताय? दोन्ही पाठ असलेली प्रत घ्या

ज्युलियन ही चौदाव्या शतकातली इंग्लंडमधली ख्रिस्ती साधिका. आजारपणात झालेल्या दर्शनांबद्दल तिने दोनदा लिहिलं, आधी थोडक्यात आणि मग विस्ताराने. तिचं 'रेव्हेलेशन्स ऑफ डिव्हाइन लव्ह' विकत घेणार असाल तर आधी एवढं बघा, की त्यात छोटा आणि मोठा असे दोन्ही पाठ आहेत ना. पेंग्विन क्लासिक्सच्या १९९८च्या आवृत्तीत ते आहेत. आधुनिक इंग्रजी अनुवाद एलिझाबेथ स्पिअरिंग यांचा, प्रस्तावना आणि टिपा ए. सी. स्पिअरिंग यांच्या. इंटरनेटवर ग्रेस वॉरॅक यांची १९०१ची आवृत्ती फुकट मिळते, पण तिच्यात फक्त मोठा पाठ आहे आणि तिचं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे. पैसे खर्च करून पेंग्विनची प्रत घेतली याचं मला समाधान आहे. का, ते सांगते.

मी मिरजेत वाढले आणि नोकरीची बहुतेक वर्षं मेडिकल वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, त्यामुळे माझं लक्ष आधी गेलं ते आजारपणाकडे. मे १३७३. इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरातली साडेतीस वर्षांची ज्युलियन तीन दिवस, तीन रात्री अंथरुणाला खिळलेली. चौथ्या रात्री तिला मरणाआधीचे ख्रिस्ती संस्कार दिले जातात. पुढे कमरेखालचं शरीर निर्जीव होतं. तिला टेकू देऊन बसतं करतात. धर्मगुरू येऊन डोळ्यांसमोर ख्रिस्ताची मूर्ती असलेला वधस्तंभ धरतात. खोलीत अंधारून येतं, उजेड राहतो तो फक्त वधस्तंभावर. मग वरचं अंगही जायला लागतं, श्वास अपुरा पडतो. अवस्था एकामागून एक ज्या क्रमाने ती लिहिते, तो क्रम मी पुष्कळदा जवळून पाहिला आहे. आणि एकाएकी तिच्या सगळ्या वेदना थांबतात. तिची सोळा दर्शनं सुरू होतात ती इथून.

त्यातली पंधरा दर्शनं झाल्यावर एक धर्मगुरू तब्येत विचारायला येतात, तेव्हा ती म्हणते, आज मी बरळत होते. ते मोठ्याने हसतात. पण वधस्तंभावरून रक्त वाहताना दिसलं, हे ऐकल्यावर ते एकदम गंभीर होतात आणि तिची तिलाच लाज वाटते. स्वतःच्या अनुभवावर आधी स्वतःच संशय घेणाऱ्या या बाईवर माझा पुरता विश्वास बसला.

आता दोन पाठांचं. छोट्या पाठात एक प्रसंग आहे. ज्युलियनची आई इतरांसोबत खाटेजवळ उभी आहे. लेक गेली असं वाटून डोळे मिटायला ती हात पुढे करते. मोठा पाठ ज्युलियनने बऱ्याच वर्षांनी लिहिला, ८६ प्रकरणांचा. त्यात हा प्रसंग नाही. मात्र ५८ ते ६३ या प्रकरणांत ती ख्रिस्तालाच आई म्हणते. ना. वा. टिळकांची भजनं गात वाढलेल्या आमच्या मंडळीला ख्रिस्तमाउली काही नवी नाही. तरी ६०व्या प्रकरणातलं ज्युलियनचं निरीक्षण मी कुठल्याही उपदेशात ऐकलं नव्हतं: मूल वाढतं तशी आई वागण्याची रीत बदलते, माया बदलत नाही. खाटेपाशी उभी असलेली ती आई मोठ्या पाठात अशी परत आली आहे, असं मला वाटतं. दोन्ही पाठ हाताशी नसते तर हे लक्षातही आलं नसतं.

मोठ्या पाठाचा प्राण ५१व्या प्रकरणातल्या धनी आणि चाकराच्या दृष्टान्तात आहे. छोट्या पाठात याचा मागमूस नाही, कारण ज्युलियन म्हणते, या दृष्टान्ताचा अर्थ उमगायला तिला वीस वर्षांना तीन महिने कमी इतका काळ लागला. धनी बसला आहे, चाकर समोर उभा आहे. धनी त्याला कामावर पाठवतो. चाकर निघतो तो धावतच, धन्यावरच्या प्रेमापोटी, आणि एका घळीत पडतो. जबर लागतं, कण्हतो, उठता येत नाही. पण ज्युलियन म्हणते, त्याचं सर्वांत मोठं दुःख वेगळंच: मान वळवून त्याला धन्याकडे बघता येत नाही. धनी अगदी जवळ आहे आणि मायेने त्याच्याकडेच बघतो आहे. धनी चाकराला दोष देतो का, हे ती निरखून बघते. तिला दोष कुठेच दिसत नाही.

रात्रपाळीत दोन-तीनच्या सुमाराला बायका विचारायच्या, "सिस्टर, काय पाप केलं म्हणून हे भोगतेय मी?" हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्याच. मी पाणी द्यायची, उशी सरळ करायची, हात धरून बसायची. हे प्रकरण तेव्हा वाचलेलं असतं तर त्या चाकराची गोष्ट मी त्यांना सांगितली असती.

लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत देवाच्या कोपावरचे संदेश ऐकत मी मोठी झाले. ज्युलियन ४६ ते ४९ या प्रकरणांत ठामपणे सांगते, की देवात राग नाही. राग आहे तो आपल्यात. देव क्षणभर जरी रागावू शकला असता, तरी आपलं अस्तित्वच उरलं नसतं. लहानपणी १३४९च्या महामारीत तिचं शहर उद्ध्वस्त झालं होतं, त्या पिढीतल्या बाईने हे लिहिलं आहे.

'सगळं नीट होईल' हे तिचं वाक्य मगांवर आणि भेटकार्डांवर छापलेलं असतं. पुस्तकात ते इतक्या स्वस्तात येत नाही. पापाने एवढी हानी झाल्यावर सगळं नीट कसं होणार, असं ती २९व्या प्रकरणात देवाला विचारते, आणि पुढेही तिचं विचारणं थांबत नाही. चर्चची नरकाची शिकवण ती नाकारत नाही आणि आपल्याला जे दिसलं तेही सोडत नाही. हा पेच कुणीतरी सोडवून द्यावा अशी अपेक्षा असेल तर निराशा होईल. मला मात्र तिचा प्रामाणिकपणा इथेच सर्वांत जास्त भिडला.

वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या रक्ताची वर्णनं फार आहेत. छपरावरून टपकणारं पावसाचं पाणी, हेरिंग माशाचे खवले अशा उपमा ती देते. घरात नुकतंच मोठं आजारपण होऊन गेलं असेल तर १६ आणि १७ ही प्रकरणं पुढे कधीतरी वाचा, काही बिघडत नाही.

अनुवादातली वाक्यं सरळ आहेत, कॉलेजपुरतं इंग्रजी असलेल्याला जमतील. प्रस्तावना अभ्यासपूर्ण आहे, पण मी ती शेवटी वाचली आणि तसंच करा असं सांगेन. चर्चला लागून असलेल्या कोठडीत ज्युलियन कशी राहायची, १४१३च्या सुमाराला मार्जरी केम्प ही दुसरी इंग्लिश साधिका तिच्याकडे सल्ल्याला कशी गेली, ही माहिती ज्युलियनला ओळखू लागल्यावर जास्त गोड लागते. छोटा पाठ एका बैठकीत संपवा. मोठा रोज एक प्रकरण. बहुतेक प्रकरणं दोन-तीन पानांचीच आहेत. ५१व्यासाठी मात्र सुट्टीचा दिवस राखून ठेवा.