पाळीचा तलाव घ्यावा की शेततळं खोदावं?

घरच्या पोरांना गळ टाकून बसायला, नाहीतर नागपूरहून सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी वावरात पाणी हवं म्हणून बरेच जण सध्या जागा बघत आहेत. भंडारा-गोंदियाकडे बहुधा दोन पर्याय समोर येतात: नाल्यावर मातीची पाळ घातलेला जुना खाजगी तलाव, किंवा मोकळ्या वावरात खोदलेलं शेततळं. पहिला मी अकरा वर्षं सांभाळला. दुसऱ्याला आता पाच वर्षं झाली.

देखणेपणात पाळीचा तलाव पुढे, यात वाद नाही. काठाला मोहाची सावली, हिवाळ्यात बदकं, नाव फिरवायला ऐसपैस पाणी. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं त्यापुढे हौदासारखंच दिसतं. त्यात जेमतेम २००० घनमीटर पाणी मावतं.

मालकीचं मात्र नीट समजून घ्या. पाळीखालची जमीन सातबाऱ्यावर तुमची असली, तरी नाल्याचं पात्र आणि वाहतं पाणी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारचं. पाळ फुटली तर खालच्या वावरांचा जाब तुम्हालाच द्यावा लागणार. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १० मीटरहून कमी उंचीच्या धरणांना लागू नाही, त्यामुळे आमची चार मीटरची पाळ त्या कायद्याखाली तपासायला कोणी येत नव्हतं. घेताना मला ही सोय वाटली होती.

माझा निर्णय झाला तो सांडव्यावरच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरच्या, जाळीमुळे. मासेमारी ठेक्याने दिली की रोहू-कतला पुरात वाहून जाऊ नयेत म्हणून ठेकेदार सांडव्याला जाळी बांधतो. आपण सोडायला लावतो, तो पुन्हा बांधतो. जुलैच्या झडीत बेशरमाच्या फांद्या वाहत येतात, जाळीला अडकतात आणि सांडवा बुजतो. अशाच एका रात्री गड्याचा फोन आला, "भाऊ, पाणी पाळीवर चढून रायलं जी." पोचलो तेव्हा पाणी माथ्याच्या खाली वीतभर होतं. तुडूम, म्हणजे पाळीतून पाणी सोडायची तळाची मोरी, गाळाने बुजलेलं, त्यामुळे पाणी सोडायला दुसरी वाटच नाही. दोघांनी विळ्याने जाळी कापली. पाळीखाली त्याचंच घर होतं, आत दोन लेकरं झोपलेली. मातीच्या पाळीवरून पाणी एकदा वाहू लागलं की खालचा उतार चिरत जातं, मग माणसाच्या हातात काही राहत नाही.

पुढे पेनसिल्व्हेनियातल्या साउथ फोर्क धरणाबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. तेही मातीचंच, श्रीमंतांच्या मासेमारी क्लबच्या मालकीचं. सांडव्यावर मासे अडवणाऱ्या जाळ्या, आणि तळाचे पाणी सोडायचे पाइप आधीच काढून टाकलेले. ३१ मे १८८९ रोजी ते फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २२०९ माणसं गेली.

शेततळ्यातलं पाणी जमिनीच्या पातळीखाली असतं. त्यामुळे झडीतही मी घरी झोपतो. अर्थात त्याचाही धोका आहे, आणि तो लहान नाही: प्लास्टिकचं अस्तर इतकं निसरडं असतं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही चढून येता येत नाही. कुंपण आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर हवेतच. आधी ते बांधा, मग पाणी भरा. उन्हाळ्यात पातळी उतरते तेव्हा तळं उदास दिसतं, हेही खरं.

तुम्ही तलावापाशीच राहणार असाल, सांडवा पक्क्या खडकात असेल आणि खाली कोणाचं घर नसेल, तर पाळीचा तलाव घेऊ नका असं मी म्हणणार नाही. फक्त जागा बघायला उन्हाळ्यात जाऊ नका, झडीत जा. पाळीच्या पायथ्याशी पाझर असेल तर ओंजळीत घेऊन बघा. पाणी गढूळ असेल तर आतली माती वाहते आहे, तिथूनच परत फिरा. नितळ असेल तर सांडव्यापर्यंत चालत जा आणि दोन्ही कडांना जाळी बांधायचे खुंटे ठोकलेले आहेत का, ते बघा.