युकुलेलेची वरची फळी: सागवान की शिवण?

युकुलेले म्हणजे गिटारसारखं छोटं वाद्य. हवाईत ते कोआच्या लाकडाचं करतात. आमच्या गडचिरोलीत कोआ कुठला? पण आलापल्लीचं सागवान आहे, आणि शिवण या झाडाचं लाकूडही.

सागवान देखणं. रेषा अशा उमटतात की पॉलिश कमीच लावावं वाटतं. पण त्यात तेल असतं. जोडायची बाजू अॅसिटोननं पुसून लगेच चिकटवली नाही, तर जोड सुटतो. माझे पहिले दोन ब्रिज, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या पट्ट्या, असेच उखडले. शिवाय त्यातल्या सिलिकामुळे रंध्याचं पातं लवकर बोथट होतं.

शिवण हलकं, फिकट, रंध्याखाली लोण्यासारखं. फळी २ मिलिमीटरपर्यंत उतरवून टिचकी मारली की मोकळा आवाज येतो. युकुलेलेच्या चार नायलॉन तारांचा ताण मुळात कमी, त्यामुळे हलकी फळी चटकन कंप पावते. मऊपणामुळे नखाचे ओरखडे मात्र पडतात.

इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, मग पावसाळ्याची ओल. नीट वाळवलेली दोन्ही लाकडं हे सोसतात. ओली घेतली तर दोन्ही फसवतात.

मी वरची फळी शिवणाचीच करतो. मान सागवानाची, कारण तिथे ताकद हवी.