घरी रंगवायला सूत घ्यावं की लोकर?

दुकानातल्या रंगांनी मन भरेनासं झालं की विणणाऱ्याला स्वतः रंगवायची ओढ लागते. आपल्याला हवी असते पिकायला लागलेल्या संत्र्याच्या सालीवरची हिरवी-पिवळी छटा, आणि दुकानात मिळतो एक हिरवा आणि एक पिवळा. पण पहिलं पातेलं चढवायच्या आधीच ठरवावं लागतं की रंगवायचं सूत की लोकर. दोन्हींचे रंग वेगळे, सामान वेगळं, पद्धत वेगळी. सुरुवातीलाच दोन्हींमध्ये पैसे घातले तर खर्च वाढतो आणि हात कशावरच बसत नाही. मी दोन्ही करतो. कपाटात मात्र आता लोकरीच्या लड्या जास्त झाल्या आहेत. त्याचं कारण तुमच्या घराला लागू पडेलच असं नाही, म्हणून दोन्ही बाजू नीट मांडतो.

आधी सुताबद्दल. नागपुरात राहून सुताकडे वळणं अगदी साहजिक आहे. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली ती इथे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे ती इथे. इतवारी-गांधीबागेत फिरलं तर पांढरा सुती धागा हाताने चाचपून, वजन करून घेता येतो. वर्षातले निदान नऊ महिने आपल्या अंगावर सुतीच कपडा असतो. घरात बाळ असेल तर प्रश्नच मिटला, त्याला सुतीशिवाय दुसरं काही घालावंसं वाटत नाही.

सुताला लागतात ते रिॲक्टिव्ह डाय. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५६ साली पहिला कृत्रिम जांभळा रंग केला आणि त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ साली, आयसीआय कंपनीने प्रोसियन नावाने हे रंग बाजारात आणले. ते सुतावर नुसते बसत नाहीत, धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. त्यासाठी मीठ आणि धुण्याचा सोडा लागतो आणि थोडी ऊब लागते. शेगडी लागत नाही. थंड प्रदेशातल्या लोकांना रंगाची बादली रात्रभर उबेत गुंडाळून ठेवावी लागते. आपल्याकडे मार्च ते जून ती गच्चीवर सावलीत ठेवली की झालं. एकदा पक्का बसला की हा रंग गरम पाण्याला, मशीनला, रोजच्या धुण्याला दाद देत नाही. या बाबतीत सूत लोकरीच्या पुढे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मर्सराइज्ड, म्हणजे कारखान्यात प्रक्रिया करून तुकतुकीत केलेला धागा घेतला तर रंगाला चमकही छान येते. कोरं, न धुतलेलं सूत मात्र आधी सोडा आणि साबण घालून उकळून घ्यावं लागतं. कापसाला स्वतःचं मेण असतं आणि मेणावर रंग चढत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही सुताकडे झुकला असाल तर नवल नाही, मीही झुकलो होतो. माझा कल बदलला तो धुण्यामुळे.

सगळाच्या सगळा रिॲक्टिव्ह रंग सुताशी जोडला जात नाही. काही भाग सुताऐवजी पाण्याशीच संयोग करून बसतो. तो धाग्यात अडकलेला असतो, पण बांधलेला नसतो. तो काढल्याशिवाय सूत वापरण्याजोगं होत नाही. पुरतं न धुतलेलं लाल सूत विणताना बोटं लाल करतं, बांबूच्या सुया लाल करतं, आणि पांढऱ्या पट्ट्याशेजारी विणलं तर पहिल्याच धुण्यात पट्टा गुलाबी होतो. म्हणून आधी गार पाण्याने मीठ आणि सोडा काढायचा, कारण खारट पाण्यात तो सुटा रंग धागा सोडत नाही. मग जवळजवळ उकळत्या पाण्यात सूत भिजत घालायचं. ते पाणी गडद होतं, ओतायचं. पुन्हा गरम पाणी, पुन्हा ओतायचं. फिकट पिवळा असेल तर लवकर सुटका होते. गर्द लाल, काळा आणि विशेषतः मोरपंखी असेल तर बादलीमागून बादली जाते आणि पाण्याला छटा येतच राहते. शेगडी नको म्हणून जी पद्धत निवडली, तिला शेवटी गरम पाण्यासाठी शेगडी लागतेच.

हे काम सर्वांत सोयीचं कधी, तर उन्हाळ्यात. आणि पाणी सर्वांत कमी कधी, तर तेव्हाच. शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी मिळतं, पण मे महिन्यात प्रत्येक वस्तीत ते सारख्या जोराने येत नाही. त्यातून घरातले कूलर दिवसभर पाणी पितात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असताना, खालच्या मजल्यावरच्या काकू नळाची वाट बघत उभ्या असताना, मी वर लाल पाणी मोरीत ओततो आहे, हे मला सोसेना. बरं, ते पाणी झाडांनाही घालता येत नाही. त्यात सोडा असतो आणि एका लिटरला ५० ते १०० ग्रॅमपर्यंत मीठ असतं. बोअरिंगचं पाणी वापरावं तर ते जड. त्यातला चुना सोड्याशी मिळून पांढरट साका धरतो आणि सुटा रंग निघायला आणखी वेळ लागतो. तुमच्याकडे मुबलक, हलकं पाणी असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, आणि मग सुतासारखं सुख नाही. माझ्याकडे ते नव्हतं.

आता लोकर. इथे पहिला धोका खरेदीतच आहे. आपल्या बाजारात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात, आणि ॲक्रिलिकवर घरगुती रंग चढत नाही, ना सुताचा ना लोकरीचा. शंका आली तर धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघावा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास देते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत कुस्करते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. सूत कागदासारखं जळतं. आपल्या महाराष्ट्रातली अस्सल लोकर म्हणजे दख्खनी मेंढीची, जिची धनगरांची घोंगडी होते. ती घोंगडीला उत्तम, पण राठ आणि बरीचशी काळी, त्यामुळे गळ्याशी घालायच्या, रंगवायच्या कामाला चालत नाही. त्यामुळे पांढरी मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर, ऑनलाइन मागवावी लागते, आणि सुताच्या कितीतरी पटीने महाग पडते. हा लोकरीचा सर्वांत मोठा दोष.

लोकरीला ॲसिड डाय लागतात. नाव भयंकर असलं तरी ॲसिड म्हणजे स्वयंपाकघरातलं व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व. लोकर म्हणजे केसच, प्रथिन. आंबट पाण्यात तिच्यावर धन भार येतो, रंगाच्या कणांवर ऋण भार असतो, आणि उष्णता मिळाली की ते तिला जाऊन चिकटतात. पाणी ८५ ते ९० अंशांवर न्यायचं, खळखळ उकळू द्यायचं नाही, ढवळाढवळ करायची नाही, आणि गरमातून एकदम गारात टाकायचं नाही; नाहीतर लोकर आटून, तंतू एकमेकांत गुंतून तिचा घट्ट नमदा होतो. सुपरवॉश, म्हणजे आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकर आटत नाही, पण रंग इतक्या घाईने ओढते की एकीकडे गडद, एकीकडे फिका असा प्रकार होऊ शकतो.

आणि मग तो क्षण येतो ज्यासाठी मी लोकर सोडत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने पातेल्यात चमचा बुडवून बघावं तर चमच्यातलं पाणी स्वच्छ. रंग सगळा लोकरीत गेलेला असतो. लडी गार होऊ दिली, एकदा खळबळून काढली, पिळली, सावलीत टांगली की काम संपलं. फार गर्द छटेला दुसरं पाणी लागतं. ज्यांनी मोरपंखी सूत धुतलं आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

शेगडीचं काय, हा रास्त प्रश्न आहे. मे महिन्यात नागपुरात तासभर पातेल्याजवळ उभं राहायला कुणाला सांगणार? माझं उत्तर सोलर कुकर. पेटीसारखा साधा कुकर, ज्यात वरण-भात शिजतो, त्यात लोकरही शिजते. झाकणाच्या डब्यात भिजवलेली लडी, रंग आणि लिंबूसत्त्व घालून सकाळी लावलं तर ऊन कलेपर्यंत पाणी नितळ झालेलं असतं. उष्णता हळूहळू चढत असल्याने रंगही एकसारखा बसतो. तो कुकर आणि डबे पुन्हा अन्नाला वापरायचे नाहीत, एवढं पथ्य. पावसाळ्यात हे जमत नाही, पण पावसाळ्यात मी शेगडीवर करतो आणि ते सोसवतं. लोकरीची अडचण उष्णतेची, सुताची अडचण पाण्याची. यातली पहिली नागपूरचं ऊन फुकटात सोडवतं. दुसरीवर मला उपाय सापडला नाही.

उन्हाळ्यात टाकीचं पाणी थेट नळातून घेऊ नका. दुपारी ते इतकं तापलेलं असतं की लोकर पातेल्यात पडताक्षणीच रंग ओढू लागते आणि डाग पडतात. माठातलं किंवा पहाटे भरून ठेवलेलं पाणी घ्यावं, आणि आम्ल शेवटी घालावं.

विणणाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक बाब लोकरीच्या बाजूने जाते. स्वेटरला साधारण ४००-५०० ग्रॅम लोकर लागते आणि घरच्या पातेल्यात एका वेळी १००-२०० ग्रॅमच मोकळी राहते. म्हणजे एकच छटा पुन्हा पुन्हा करता आली पाहिजे. ॲसिड डायचं १ ग्रॅम पूड आणि १०० मिलिलिटर पाणी असं द्रावण करून बाटलीत ठेवलं तर ते महिनोन् महिने टिकतं, आणि पुढच्या लडीला त्याच बाटलीतून तेवढंच मोजून घेता येतं. रिॲक्टिव्हचं द्रावण पाण्यात पडल्यापासून मरत जातं. सोडा घातला की काही तासांचंच. प्रत्येक वेळी नवी पूड तोलावी लागते, आणि दर तोलण्यात थोडा फरक येतो. तसा दोन लड्यांत फरक आला तरी दोन दोन ओळी आलटून पालटून विणल्या की तो झाकतो, हे आपल्याला माहीत आहेच.

पूड तोलताना कूलर आणि पंखा बंद ठेवा, मास्क आणि हातमोजे घाला. ही सूचना दोन्हींना आहे, पण रिॲक्टिव्हला जास्त कडक. तो रंग श्वासातून आत गेला तर काहींना कायमची ॲलर्जी होऊ शकते. घरात दमेकरी असेल तर मी सुताच्या वाटेला जाऊच नका म्हणेन.

नागपुरात लोकर घालणार कोण, असं मला नेहमी विचारतात. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर गेला होता. इतकी थंडी दरवर्षी पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मफलर आणि कानटोपी निघतेच, आणि बारीक लोकरीची शाल एसी डब्यातल्या रात्रीच्या प्रवासात बारा महिने लागते. पूर्ण स्वेटर मात्र वर्षातून थोडेच दिवस अंगावर येतो, हे खरं आहे. उरलेले महिने तो कसरीपासून जपावा लागतो: धुऊन, पुरता वाळवून, हवाबंद पिशवीत. घामेजल्या हातांनी मे महिन्यात लोकर विणवत नाही, हेही खरं. तेव्हा मी रंगवतो आणि विणतो दिवाळीनंतर.

हाताचं म्हणाल तर सुताला लवचिकपणा नसतो. रीब, म्हणजे मनगटाला-कमरेला असते ती ताणली जाणारी पट्टी, विणली तरी ती पुन्हा आवळत नाही, मोठं काम जड होऊन मनगट दुखतं. लोकर सुईवर सांभाळून घेते, टाके थोडे कमी-जास्त झाले तरी धुतल्यावर बसतात. नवशिक्याला याचा मोठा आधार वाटतो.

तरीही बाळाचे कपडे, भांडी पुसायची फडकी, रोज धुवायच्या वस्तू हेच तुमचं मुख्य विणकाम असेल तर सूत घ्या आणि धुण्याची तयारी ठेवा. पाऊस लागल्यावर सुरू केलं तर पाण्याचा सल राहणार नाही. रिॲक्टिव्ह रंग आधीच घरात असतील तर ते वाया गेले असं समजू नका. सोड्याऐवजी व्हिनेगर घालून गरम केलं की ते लोकरीवरही चढतात. आणि ॲसिड डाय घेतले तर ते रेशमालाही चालतात, म्हणजे भंडाऱ्याकडचा कोशाचा धागाही त्याच बाटल्यांतून रंगवता येतो.

अजून निर्णय होत नसेल तर रंगांवर पैसे घालण्याआधी एकच ५० ग्रॅमची पांढरी लोकरीची लडी मागवा. किराणा दुकानातला खाण्याचा रंग आणि व्हिनेगर घेऊन ती रंगवा. खाण्याचे हे रंगही ॲसिड डायच्याच जातीचे, फक्त उन्हात लवकर उडतात. पाणी नितळ होताना बघून आवडलं तर लाल, पिवळा, निळा आणि काळा एवढ्या चार पुड्या पुरतात. काळ्याची पुडी लहान घ्या, छटा मळकी करायला तो चिमूटभरच लागतो.