२५ रुपयांची आयसी, सहा आवाज (सुराचं मात्र विचारू नका)

सीडी४०१०६ ही आयसी (चिप) घेऊन तीन महिने झाले, म्हटलं आता लिहून टाकावं. बुधवार पेठेत २५ रुपयाला एक मिळाली, मी चार घेतल्या, कारण एखादी तरी आपल्या हातून जळणारच हे मला माहितीये.

खरंतर ही सिंथसाठी (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) बनवलेली आयसी नाहीच, साधी लॉजिकची, १४ पायांची, आत सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर. इनपुट वर गेलं की आउटपुट खाली, एवढंच काम. पण आउटपुटवरून इनपुटला एक रेझिस्टर फिरवून आणला आणि इनपुट ते ग्राउंड एक कपॅसिटर टाकला की कपॅसिटर भरतो, आउटपुट पडतं, मग तो रिकामा होतो, आउटपुट परत चढतं, आणि हे चालूच राहतं. झाला ऑसिलेटर, म्हणजे आपोआप वर-खाली होत आवाज काढणारं सर्किट! दोन पार्टमध्ये, आणि असे सहा एकाच आयसीत, ५५५ या टायमर आयसीमध्ये एकाच ऑसिलेटरसाठी सहसा याहून जास्त सामान लागतं.

९ व्होल्टच्या बॅटरीवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० के (किलोओहम) चा रेझिस्टर लावला तर साधारण १२० हर्ट्झ येतं, १०० के च्या जागी १ मेगचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाकून पूर्ण फिरवला की सूर संपून नुसतं टकटक टकटक. पॉटच्या जागी एलडीआर (उजेडावर बदलणारा रेझिस्टर) लावला तर हाताची सावली पडली की आवाज खाली घसरतो, हे मी पहिल्या रात्री दोन तास करत बसलो होतो. दुसरा एक ऑसिलेटर १० मायक्रोफॅरड लावून हळू केला आणि त्याच्या आउटपुटवरून पहिल्याच्या इनपुटला डायोड जोडला, तर हुबेहूब टेम्पो रिव्हर्स घेतोय! आई आतून ओरडली, अरे बघ कोण गाडी लावतंय दारात.

आता तक्रारी. सूर धरत नाही म्हणजे नाहीच. तीन ऑसिलेटर पेटीच्या काळी चारला लावून तानपुऱ्यासारखं काहीतरी करायला गेलो, बॅटरी उतरत गेली तसे तिघंही सरकले, शिवाय एकाच सप्लायवर असल्यामुळे जवळ आले की एकमेकांना चिकटतात. आयसीच्या १४ आणि ७ नंबरच्या पायांमध्ये ०.१ चा कपॅसिटर टाकल्यावर थोडं बरं झालं. वेगळ्या कंपनीची आयसी बसवली की पिचही वेगळं. पेटीसारखं वाजवायचं असेल तर हिच्या नादी लागू नका.

आणि आयसीवर छापलेली अक्षरं वाचून घ्या. नंतर एका दुकानात ४०१०६ नव्हती तर दादा म्हणाले ७४एचसी१४ घ्या, सेम टू सेम आहे. पाय सेम आहेत हो, पण ती ६ व्होल्टपर्यंतचीच, मी न बघता ९ लावले आणि बोट ठेवलं तर चटका बसला. चूक त्यांची अर्धी, माझी अर्धी.

अँपला डायरेक्ट जोडू नका, सिग्नल लय मोठा येतो, १०० के आणि १० के रेझिस्टरचं डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी जोडी) करून मग द्या. न वापरलेले इनपुट ग्राउंडला बांधा. पाचपैकी साडेचार, अर्धा स्टार त्या तानपुऱ्यासाठी कापला. चारातली एक भाच्याला दिली होती, ताईचा फोन आलाय की परत घेऊन जा.