मेमरीवाला माउस-कीबोर्ड संच : घरी चालेल, हिशेबाच्या संगणकाला नको

सोलापूरच्या नवी पेठेतील एका दुकानातून घेतलेल्या या वायरच्या संचात वापराच्या दृष्टीने तक्रारीला फारशी जागा नाही. बटणे आवाज करत नाहीत, आकड्यांचा भाग स्वतंत्र आहे, आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्यांच्या कार्यालयांत सुताचे जे बारीक तंतू सगळीकडे साचतात, ते बटणे काढून ब्रशने झाडता येतात. माउसची पकडही उत्तम आहे.

अडचण आहे ती खोक्यावर मोठ्या अक्षरांत मिरवलेल्या ‘ऑनबोर्ड मेमरी’ची. एका दाबात बटणांची पूर्ण मालिका उमटवणारे मॅक्रो संगणकात नव्हे, तर थेट माउसच्या चिपमध्ये साठवले जातात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज तेच शेरे टंकणाऱ्याला ही सोय मोहात पाडणारी आहे. म्हणून घरच्या लॅपटॉपवरून माउसच्या बाजूच्या बटणावर एक मॅक्रो नोंदवून पाहिला : कीबोर्डवरची विंडोज आणि आर ही बटणे, मग ‘नोटपॅड’, एंटर आणि त्यानंतर एक ओळ. त्या कंपनीचे सॉफ्टवेअर कधीच न टाकलेल्या कार्यालयातील संगणकाला हा माउस जोडून तेच बटण दाबले, तर प्रोग्राम सुरू करणारी ‘रन’ची चौकट उघडून नोटपॅडमध्ये ती ओळ क्षणार्धात उमटली. अँटीव्हायरस गप्प होता, आणि त्याला दोषही देता येत नाही, कारण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, हा माउस कीबोर्ड म्हणूनही नोंदला गेला होता आणि कीबोर्डने टंकलेली अक्षरे संगणक वापरणाऱ्याचीच समजतो. नोटपॅडच्या जागी पॉवरशेलची, म्हणजे विंडोजला थेट हुकूम देणाऱ्या प्रोग्रामची, आज्ञा असती, तर तीही तशीच चालली असती. विंडोज नव्याने टाकूनही माउसमधला मॅक्रो जागचा हलत नाही.

मॅक्रोला निदान बोटाचा दाब लागतो. चिपमध्ये बसून उपकरण चालवणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर; तेच कोणी बदलले, तर तोही लागत नाही. के. चेन या संशोधकाने 2009 मध्ये संगणक सुरक्षेच्या ब्लॅक हॅट परिषदेत ॲपलच्या कीबोर्डचे फर्मवेअर बदलून दाखवले होते, आणि त्या कीबोर्डात फ्लॅश मेमरी होती अवघी 8 केबी. पुढे 2014 मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ मांडले : चिपचे फर्मवेअर बदलले की पेनड्राइव्हही कीबोर्ड असल्याचे सोंग आणून आपोआप आज्ञा टंकू शकतो. नवे फर्मवेअर निर्मात्याचेच आहे याची खातरजमा डिजिटल स्वाक्षरीने करणे हाच यावरचा खरा उपाय; या संचाच्या माहितीपत्रकात त्याविषयी अवाक्षर नाही.

अर्थात लिहिता येणारी मेमरी सर्वस्वी वाईट नव्हे. 2016 मध्ये बॅस्टिल या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘माउसजॅक’ ही वायरलेस माउसमधील त्रुटी उघड केली, तेव्हा संगणकाला जोडलेल्या ज्या रिसीव्हरचे (माउसचे संकेत घेणाऱ्या भागाचे) फर्मवेअर बदलता येत होते तेच दुरुस्त होऊ शकले. एकदाच लिहिता येणारी चिप असलेल्यांना बदलून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

परत आलेले नग पुन्हा विकण्यापूर्वी त्यांची मेमरी पुसता का, असे दुकानदाराला विचारले, तेव्हा “साहेब, माउसमध्ये कसलं काय राहतंय? पुसून-बिसून ठेवतोच की,” असे उत्तर मिळाले, त्यांचा रोख कापडाने पुसण्यावर होता. म्हणून घरी खेळासाठी हा संच घ्यायचा असल्यास सील न फोडलेलाच मागावा आणि प्रथम फॅक्टरी रीसेट करावा, मात्र त्याने मॅक्रो जातील, बदललेले फर्मवेअर नव्हे. जीएसटी आणि बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकाला मॅक्रो नसलेला, साधा वायरचा संच पुरतो, आणि तो त्याच दुकानात याहून स्वस्त मिळतो.