निकॉन २००-५०० एफ ५.६ : पक्ष्यांसाठी आजही घ्यावी का?

ही लेन्स २०१५ साली आली. आता जुनी झाली तरी सेकंडहँड बाजारात तिला मागणी आहे, आणि ती रास्त आहे. २०० ते ५०० मिमीपर्यंत एफ ५.६ (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचं माप) कायम राहतं आणि निकॉन डी५०० सारख्या क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ७५० मिमीइतकी पोहोच मिळते. फक्त एक तक्रार सतत कानावर येते: 'माझी कॉपी सॉफ्ट आहे', म्हणजे माझ्या हातातल्या लेन्सचे फोटो धारदार येत नाहीत. लेन्स विकायला काढण्याआधी निदान नीट करा, कारण पुण्याच्या आसपासच्या जागांवर सॉफ्ट फोटोची कारणं बहुतेक वेळा वेगळीच निघतात.

एकाच पक्ष्याचे सलग दहा फ्रेम घ्या आणि १०० टक्के झूम करून बघा. प्रत्येक फ्रेममध्ये पिसं वेगवेगळ्या तऱ्हेने विरघळल्यासारखी दिसत असतील, तर ती तापलेल्या हवेची थरथर आहे. पुण्याजवळ नदीकाठच्या कवडीपाटला ऊन वर चढलं की दगडांवरून ही थरथर सुरू होते आणि पलीकडच्या काठावरचे चक्रवाक कुठल्याच लेन्सने धारदार येत नाहीत. तिथे अंतर कमी करणं किंवा लवकर पोहोचणं, एवढेच उपाय. सासवडकडच्या माळावर गाडीतून फोटो काढतानाही इंजिन बंद ठेवा. बॉनेटवरची गरम हवा फ्रेममध्ये आली की तोच प्रकार होतो. डोळ्यातली चमक एका दिशेने ओढली गेली असेल, तर शटरचा वेग कमी पडला. आणि सगळ्या फ्रेममध्ये पक्षी सारखाच मऊ, पण त्याच्या पुढचं गवत लख्ख असेल, तर तो फ्रंट फोकस, म्हणजे फोकस पक्ष्याच्या पुढे पडतोय. त्यावर इलाज आहे.

डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) एएफ फाइन ट्यून, म्हणजे ऑटोफोकस पुढे-मागे जुळवण्याची सोय, वापरा. लेन्स ५०० मिमी, एफ ५.६ वर, कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर आणि फोकस तपासायचा चार्ट १२ ते १५ मीटरवर, सावलीत. डी५०० मध्ये लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघत) ऑटो फाइन ट्यून होतं. ते चार-पाच वेळा करा आणि मधला आकडा ठेवा. पुढे फोकस होत असेल तर अधिक, मागे होत असेल तर उणे. संपूर्ण झूमसाठी एकच आकडा साठवला जातो, म्हणून ५०० वरच जुळवायचं. आकडा २० या टोकाच्या जवळ गेला तर सर्व्हिस सेंटर गाठा.

फोकस मोटर अचूक आहे, वेगवान नाही. जवळून अनंतापर्यंत हंटिंग (फोकस शोधत पुढे-मागे फिरणं) सुरू झालं की पक्षी हातचा गेलाच. त्यामुळे उडत्या पक्ष्यांसाठी लिमिटर (फोकसचा पल्ला मर्यादित करणारं बटण) ६ मीटर ते अनंत यावरच ठेवा आणि पक्षी येण्याआधी साधारण त्या अंतरावरच्या एखाद्या दगडावर फोकस करून ठेवा. मोकळ्या पाण्यावरच्या नदी सुरयसाठी ग्रुप एरिया (फोकस बिंदूंचा एकत्र गट) उत्तम. सिंहगडाच्या दरीतल्या झुडपांत मात्र सिंगल पॉइंट घ्या. ग्रुप एरिया सर्वांत जवळची काडी पकडतो आणि मागचा स्वर्गीय नर्तक पक्षी धूसर होतो.

शार्पनेससाठी ५०० वर एफ ६.३ किंवा ७.१ ठेवा, एफ ५.६ पेक्षा फरक दिसतो. पॅनिंगला (पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना) व्हीआर, म्हणजे हाताचा कंप कमी करणारी यंत्रणा, स्पोर्टवर ठेवा, ट्रायपॉडवर बंद. भिगवणला इंजिन चालू असलेल्या होडीत कोपर काठावर टेकवू नका, सगळा कंप थेट लेन्समध्ये येतो.

एक्सपोजरचं गणित आधी बांधून घ्यावं. ऊन स्थिर आणि पाठीवर असेल तर शटर १/२५०० सेकंद, एफ ६.३, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० पूर्ण मॅन्युअलमध्ये. कोवळ्या उन्हात आयएसओ ८००. पांढऱ्या बगळ्यासाठी शटर १/३२००. ऑटो आयएसओवर अडचण अशी की काळपट पाण्यावरचा बगळा मीटर जास्त उजळ करतो आणि पिसांचा तपशील कायमचा जातो. तिथे उणे ०.७ ते १ एक्सपोजर कॉम्पेन्सेशन द्यावं लागतं, म्हणजे फोटो मुद्दाम गडद करावा लागतो. तोच बगळा पांढुरक्या आभाळावर गेला की अधिक १ हवं. उडत्या पक्ष्यामागे चाक फिरवायला वेळ कुठला? ढगाळ हवेत किंवा झाडीतल्या बदलत्या उजेडात ऑटो आयएसओ जरूर वापरा, पण हायलाइटची सूचना (फार उजळ भाग लुकलुकवून दाखवणारी) चालू ठेवूनच.

आता उणिवा. ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसकट २३०० ग्रॅम हातात घेऊन फार वेळ थांबणं जड जातं. झूम रिंगचा फेरा इतका लांब आहे की २०० वरून ५०० ला एका झटक्यात जाता येत नाही. ट्रायपॉड कॉलर कमकुवत आहे, थोडा लचकतो. हवामानरोधक बांधणीचा दावा निकॉनने केलेला नाही, त्यामुळे पावसाळ्यात कव्हर हवंच, आणि घरी ४० ते ५० टक्के आर्द्रतेची ड्राय कॅबिनेट.

निकॉनची झेड (मिररलेस) बॉडी असेल तर ही घेऊ नका. २०२३ मध्ये आलेली निकॉनची झेड १८०-६०० लेन्स आतल्या आत झूम होते, रिंगचा फेरा छोटा आहे आणि वजन कॉलरसकट २१४० ग्रॅम. डीएसएलआर वापरणाऱ्यांना मात्र या पैशात २००-५०० पेक्षा चांगलं काही सुचवणं कठीण आहे. सेकंडहँड घेताना स्वतःची बॉडी घेऊन जा, मागून टॉर्च मारून बुरशीचं जाळं दिसतं का ते बघा, रिंग पूर्ण फिरवून कुठे अडते का पाहा, आणि ५०० वर एफ ५.६ व ८ असे दोन्ही फोटो काढून दुकानातच लॅपटॉपवर ताडून घ्या. एफ ८ लाही फोटोची एकच बाजू मऊ राहत असेल, तर आतली काच सरकलेली असू शकते. फाइन ट्यूनने ते सुटत नाही, ती कॉपी सोडा.