चोर्ला घाट उतरायचा तर ब्रेक शू कोणता?

ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारी पोकळ डबी, आणि शू म्हणजे ब्रेक दाबला की तिला आतून घासणारा अर्धगोल तुकडा. 130 मिलिमीटर ड्रमच्या मोटारसायकलीसाठी बेळगावात तीन तऱ्हेचा माल हाती येतो: गाडीच्या कंपनीचा शू, बिननावाचा स्वस्त शू आणि जुन्याच शूवर नवा लायनर (घासणारा थर) चिकटवून दिलेला जोड. टिळकवाडी ते शहापूर एवढंच फिरणं असेल तर तिघांत फारसा फरक कळत नाही. कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याचा उतार लागला की मात्र लगेच कळतो.

कारण साधं आहे. ब्रेक म्हणजे घर्षणाने वेगाची उष्णता करणं. गाडी आणि दोन माणसं मिळून 240 किलो धरा. 100 मीटर उंची उतरताना सुमारे 2 लाख 35 हजार ज्यूल ऊर्जा सुटते. तेवढ्यात पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. न्यूट्रलमध्ये उतरलात तर यातली बहुतेक उष्णता दोन ड्रमांवर येते. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पायडल खोल जाऊ लागतं. स्वस्त लायनर घट्ट धरून ठेवणारी राळ याच वेळी जळते. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो आणि ब्रेक दाबला तरी धरत नाही. थंड असताना हाच शू झकास धरतो, म्हणून दुकानासमोर फेरी मारून घेतलेली परीक्षा काही कामाची नाही.

‘रुंद शू जास्त धरतो’ हा समजही चुकीचा. शू दाबणारा जोर तेवढाच असेल तर घर्षण क्षेत्रफळाने जवळपास वाढत नाही. रुंदीचा फायदा उष्णता पसरण्यात आणि झीज कमी होण्यात.

बरेचदा दोष शूचा नसतोच. ड्रम झिजून मोठा झाला असेल तर नवा शू फक्त मध्यावर टेकतो. ड्रमवर कोरलेला कमाल व्यास ओलांडला असेल तर शूवर पैसे घालू नका, आधी ड्रम बदला. शू बसवताना कॅमची (शू फाकवणारी) दांडी साफ करून ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जास्तीचं ग्रीस तापून लायनरवर उतरतं. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नये, तो गेलाच. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती छातीत जाते. मागच्या पायडलला 20 ते 30 मिलिमीटर मोकळी चाल ठेवा आणि पहिले 20-30 ब्रेक हलक्या पायाने मारा.

खानापूर भागातल्या पावसात तांबडा चिखल ड्रममध्ये शिरतो आणि करकर सुरू होते. पाण्यातून गाडी काढल्यावर शंभरेक मीटर ब्रेक हलका धरून चालवा, लायनर कोरडा होतो.

घाटासाठी आमचं मत कंपनीच्या शूला, दुसरा विचारच नको. चिकटवलेला जोड गावातल्या गावात चालेल, पण घेताना लायनर आणि शूचं ॲल्युमिनियम जिथे चिकटतात त्या सांध्यावरून नख फिरवा. नख कुठेही आत गेलं तर तो जोड तिथेच परत करा.